अक्षतांच्या वेळची कॅसेट

हॅलो?… हॅलो, फैज व्हिडिओ मिक्सिंग, दिग्रस… कोन?… जरा जोरानं बोला ना…

अवं गौरे, तू हायेस काय. आवाज किती बारीक झाला तुहा. मले वाटलं कोन्या शाळेतल्या पोरीचा फोन हाये… हो, जेबाच बोलून राह्यली. दुसरं कोन असन दुकानात? भाऊ फैज बोरी अरबले गेला शूटिंगले. मी न मशीन, दोघंच हाओत.

आधी हे सांग, ताप उतरला का?… उतरला ना. मंग असं म्हन की… हो… टायफॉइडात तेच देते, मऊ भात न मुगाचं पानी. खाय गुपचूप. सासू पाहून राह्यली ना नीट?… हो का? पाय पन दाबून देते? नशीब काढलं तुनं, भुसावळले जाऊन. आमची अम्मी रोज विचारते. म्हन्ते, लग्नाले महिना नाही झाला न पोरगी दवाखान्यात… हो, सांगते तिले, बरी हाये म्हनून.

सीडी?

हं… सीडीचं ना… होऊन राह्यली वं.

अवं ऐक ना. कॅप्चर करनं म्हंजे गानं कॉपी करनं नव्हे. कॅमेरा वायरीनं कम्प्युटरले जोडा लागते, न टेप जेवढ्या वेळाची तेवढा वेळ तिच्यापुढं बसा लागते. मधात लाइट गेली का पुन्हा पहिल्यापासून… यूपीएस हाये ना. पाच मिनिटं दम धरते, टुंटुं करते न मरते. इथं रोज दुपारची लाइट जाते, तुले काय सांगाव. तिकडं रेल्वे क्वार्टरात नसन जात…

नाही, सांगून राह्यली ना. हार्डडिस्क भरली होती. घेतली तवा तो अमरावतीचा दुकानदार म्हने, ऐंशी जीबी हाये, जिंदगीभर पुरन. एका घंट्याच्या टेपले तेरा जीबी खाते ते. त्या सामूहिकच्या लग्नानं भरली… हो, तेच, मार्केट यार्डातलं. कापसाचं यंदा असं झालं, त लोकं तिथंच उरकून राह्यले. एक मंडप, एक बँड, न एका कॅसेटात एकवीस नवरदेव. बाशिंगात सगळे सारखेच दिसते. रोज एक बाई येते न म्हन्ते, हा माहा पोरगा नव्हे… हास, हास. माहा जीव जाते इथं.

अब्बा? घरीच. जिनिंग एकाच पाळीत चालून राह्यली, ते पन माल आला त. म्हनून तर हे दुकान जोरात चालवा लागते.

तुही आई? हो, काकू येऊन गेल्या ना. काल आल्या होत्या, परवा पन आल्या होत्या. आजही येतो म्हनल्या… एकच बोलनं त्यांचं. 'जेबा, पहिली सीडी माह्या हातात दे. म्या पाह्यल्याबिगर भुसावळले पाठवू नको, कोनालेच देऊ नको.'

माहीत हाये वं मले. तुमच्यात पोरीच्या मायनं लग्न लागताना पाहू नये. अक्षता पडेपर्यंत तुळशीपाशी बसाव, पानी घालाव. तुमच्या घरासमोर लहानाची मोठी झाली मी, मले माहीत नसन का?… हो… हो ना… तिनं पाह्यलंच नाही, म्हनून सीडीत तरी पाहीन म्हन्ते… कळते मले… हो, एकुलती एक…

गौरे, तू बसली हायेस का उभी?… खाटेवरच हायेस. बरं हाये.

अक्षता नाही येत त्याच्यात.

नाही येत म्हंजे नाहीत. टेपातच नाहीत… मी कायले मजाक करू? हळद हाये. बांगड्या भरल्या ते हाये. नवरदेव घोड्यावरून उतरते, तुहे बाबा, मधुसूदनकाका, त्याले आत आनते, ते हाये. मंग एकदम तुम्ही दोघं गळ्यात हार घालून उभे. मधातलं नाही.

शिव्या दे, दे. म्या पन दिल्या फैजले… नाही, मले पन नाही सांगतलं त्यानं. कॅप्चर करताना कळलं, तवा विचारलं त मान खाली.

त्याचं ऐकून त घे. मुहूर्त होता बारा पस्तीसचा. आता तूच सांग, आपल्या इकडं बारा पस्तीसचं लग्न बारा पस्तीसले लागते का कधी? दीड वाजते, दोन वाजते. वरात हनुमानाच्या देवळापाशी नाचतच राह्यते. फैजनं तेच धरलं. तेवढ्यात मोठ्या लाइटच्या वायरीतून धूर निघाला. हा म्हने, घंटाभर आरामात हाये अजून, वायर बदलून घेतो. तुमच्या मागच्या आंगनातून गेला, कॅमेरा खिडकीत ठेवला, न बाहेर गल्लीत जनरेटरपाशी वायर सोलत बसला. जनरेटरच्या आवाजात त्याले काही ऐकू आलं नाही. आता तुहे सासरे पडले रेल्वेतले गार्ड. त्यांना बडनेऱ्याहून संध्याकाळची गाडी पकडाची. हिरवी झेंडी तेवढी दाखवाची राह्यली होती त्यांनी. बारा पस्तीस म्हंजे बारा पस्तीस. भटजी पन घाबरला असन.

हो… चूक त्याचीच हाये, मी कुठं नाही म्हन्ते… पन तू सांग, कोनाले वाटन असं? दिग्रसमधलं कोनतं लग्न टायमावर लागलं आजपर्यंत?

फोटो? फोटो पन त्यानंच काढले ना, हार घातल्यावरचेच हायेत… हो, पाह्यले. मुंडावळी तिरपी हाये तुही. डोळ्यावर आली… मले काय माहीत? मी बाजूलेच उभी होती, मले नाही दिसली. कोनालेच नाही दिसली वं, सगळे नवरदेवाले पाहून राह्यले होते. तुह्या चारुदत्तले दिसाले पाह्यजे होती… बरं, त्याचं नाव नाही काढत.

फैज म्हन्ते काय माहीत हाये का? म्हन्ते, मागच्या सीझनातल्या एका लग्नाच्या अक्षता डिस्कवर पडल्या हायेत, त्याच टाकून दे. वरून गुलाबाच्या पाकळ्यांचा इफेक्ट, मधात दिल, न दिलात गौरीचा फोटो. कोनाले कळन? म्या म्हनलं, कळन. काकूले आपल्या पोरीची पाठ पन ओळखू येते, तू दुसऱ्याची पोरगी दाखवते का तिले… नाही, म्या नाही टाकलं. मी असले धंदे नाही करत. मानूस वाट पाहून राह्यलं असन त त्याले खोटं दाखवू नये.

तेवढ्या वेळात कॅमेरा? चालूच होता. बंद कराचंही भान नाही राह्यलं त्याले. नुसतं तुमचं मागचं आंगन आलं हाये. भिंत, तुळस, धुन्याचा दगड. म्या पाच मिनिटं पाह्यलं, न भज्याच्या कढईकडं गेली… नाही, पूर्न नाही पाह्यलं. कायले पाहू? पुसूनच टाकनार होती, डिस्कवर जागा होईन म्हनून. टेपही नाही राह्यली. तीच टेप घेऊन गेला ना तो बोरी अरबले. तिच्यावर आता दुसरं लग्न चढून राह्यलं असन… त असंच करते सगळे. दर लग्नाले कोरी टेप कुठून आनाव?

आता लावू?… काय दिसनार तुले फोनवरून?… बरं, बरं, लावते. रडका आवाज नको काढू. थांब… ही नाही, ही सामूहिकची… हा, हे पाह्य. लावलं.

भिंत… तुळस… चिमन्या. आवाज वाढवते. रिसीव्हर स्पीकरपाशी धरते, ऐक…

आला?… मंगलाष्टकंच हायेत ते. तुमच्या मंडपातल्या भोंग्याचा आवाज हाये, भिंतीपलीकडून. बाजूच्या प्लॉटवर मंडप होता ना… तुह्या मावशीचा आवाज, बरोबर. किती वर चढवते ते.

काकू आल्या.

काकू, तुही आई. तुळशीपाशी बसल्या, मंडपाकडं पाठ करून… हिरवी साडी, हो, जरीच्या काठाची. हातात गडवा हाये. पानी घालून राह्यल्या… अजून घालून राह्यल्या… तुळस वाहून जाईन आता… डोळे मिटले. हात जोडले.

उठल्या… पुन्हा बसल्या.

पुन्हा उठल्या. दाराकडं पाह्यते… गल्लीकडं पाह्यते… कोनीच नाही आंगनात. सगळे मंडपात.

गौरे…

थांब ना, सांगते ना… बकीट. धुन्याची बकीट घेतली. पालथी केली. भिंतीपाशी नेली…

चढल्या.

अवं खरंच. बकिटीवर. चप्पल काढून… एक हात भिंतीवर, न डोकं भिंतीच्या वर… हासू नको वं, मले पन हासू येते… डोक्यावरून पदर घेतला. जसं कोनी ओळखनारच नाही… मले कशी दिसन? मी पन तवा नवरदेवालेच पाहून राह्यली होती.

पाहून राह्यली ते, गौरे. पाहूनच राह्यली… नाही, तोंड नाही दिसत, पाठ दिसते. टाचा दिसते. टाचा उचलून पाहून राह्यली… बकीट हालते खालून, तिले भान नाही… 'सावधान' म्हनलं की मूठ वर करते न… अक्षता टाकते. भिंतीवरून. कुठं पडते काय माहीत, मंडप त दूर हाये. पन टाकते. दर 'सावधान'ले टाकते.

बँड वाजला… ऐकू आलं ना? लागलं तुहं लग्न.

उतरल्या. बकीट सरळ केली, होती तिथंच ठेवली. तुळशीपुढं उभ्या… कान धरले. गालावर मारून घेऊन राह्यल्या, दोन्ही हातानं… इतकं कायले वं, काकू… आता डोळे पुसले. न…

इकडं पाह्यलं. खिडकीकडं. सरळ कॅमेऱ्यात. त्याचा लाल लाइट दिसला असन. चेहरा असा उतरला गौरे, काय सांगू… गेल्या आत.

समजलं का तुले आता? मले समजलं. पहिली सीडी माह्या हातात दे, कोनाले दाखवू नको… ते तुह्या अक्षता पाहाले नव्हतं वं. आपन येड्या दोघी. अक्षता त तिनं पाह्यल्या. हे कोनाच्या नजरेत येऊ नये म्हनून तिचं येनंजानं. भुसावळले सीडी लागन, तुही सासू पाहीन, व्याही पाहीन…

काय?… काकू उपास करते? कवापासून?… शनिवार पन, सोमवार पन?… न गोडही सोडलं?

हो वं, परवाच म्या पेढा दिला होता, फैजचं लग्न जमलं त्याचा. हातात घेतला न पुन्हा डब्यात ठेवला. म्हनल्या, गौरी खनखनीत झाल्याबिगर गोडाले शिवनार नाही. म्या म्हनलं मायची माया असते…

तुले ताप आला तवापासून. बरोबर. तिले वाटते तिनं पाह्यलं म्हनून तुले ताप आला.

गौरे?… हॅलो?… रडू नको, पुन्हा चढन ताप… हो ना. कोनाले बोलली पन नाही. एकटीच घेऊन बसली डोक्यात. टायफॉइड पान्यातून होते, भिंतीवरून पाहून नाही होत. हे तुले कळते, मले कळते. तिले कोन सांगन?

थांब. फाटक वाजलं… काकूच हाये.

स्क्रीन? थांबवली, खाली केली. नाही दिसत आता… नको सांगू तू हायेस म्हनून? काहून?… बरं. रिसीव्हर टेबलावर ठेवते. ठेवू नको तू तिकडून. आवाज नको करू.

या काकू, या. पंख्याखाली बसा, ऊन किती हाये… फोन होता. गिऱ्हाईक. झालं बोलनं… सीडी होऊनच राह्यली. संध्याकाळपर्यंत…

एकट्यानं पाहाची? पाहा ना. कोनी नाही इथं…

काय पुसाचं? कोन्तं मागच्या आंगनाचं, काकू? मागचं आंगन कोन शूट करते…

काकू. नका रडू. पानी घ्या… हो. पाह्यलं म्या. आत्ताच पाह्यलं… नाही, फैजनं नाही. अब्बानं पन नाही. मी एकटीनंच… नाही सांगत. कोनालेच नाही सांगत.

तुम्ही पाह्यलं म्हनून तिले ताप आला? कोन म्हनलं असं?… कोनीच नाही, तुम्हीच. काकू, तिथल्या नळाचं पानी खराब होतं. त्या लायनीतल्या सगळ्या क्वार्टरात टायफॉइड झाला, गौरीच म्हने. त्या सगळ्याइच्या माया बकिटीवर चढल्या होत्या का?

हासू नको म्हनता, त नाही हासत… राहावलं नाही, हो ना… एवढी वाढवली न तिच्याच लग्नाले पाठ करून बसाचं. कोनाले राहावन? मले त नसतं राहावलं… हो… तुम्ही मान्ता, मी कुठं नाही म्हन्ते. पन लेकरू बरं झालं काकू. भात खाऊन राह्यली ते.

आता पुसू? तुमच्यासमोर?

काकू, ऐका. भुसावळले जाईन त्या सीडीत हे येनार नाही. माही जबान हाये. पन पुसा कायले? टेपवर दुसरं लग्न चढलं. आता हे एवढंच हाये, या डब्यात. एकदा गेलं का कोनी नाही आनू शकत, अमरावतीवाला पन नाही… हो… हो, तुमची शपथ… बरं. बरं, काकू. हात नका जोडू. पुसते.

हे पाहा. हे निवडलं. आता मशीन विचारते, फाइल लय मोठी हाये, कचऱ्याच्या डब्यात पन नाही मावत, सरळ उडून जाईन, खरंच पुसाची का?… हो म्हनू?

कोनाचा आवाज?

तो… रिसीव्हरमधून येऊन राह्यला, काकू. गिऱ्हाईक नव्हतं ते… हॅलो, हो गौरे, ऐकून राह्यली, ओरडू नको. नाही पुसलं. नाही म्हनलं मशीनले. हाये जागेवर.

काकू, कुठं चालल्या? चप्पल राहू द्या. बसा… हो, ऐकलं तिनं. पह्यल्यापासून ऐकलं… म्या नाही काकू, तिनंच सांगतलं होतं ठेवू नको म्हनून… रागवा मले, पन बसा.

गौरे, नाही घेत फोन. मान हालवून राह्यल्या. तोंडावर पदर घेऊन बसल्या… तू बोल, मी सांगते… काय विचारू?… एवढंच?… बरं.

काकू, गौरी रागावली नाही. ते एकच विचारून राह्यली. म्हन्ते, आईले विचार, भिंतीवरून मी कशी दिसत होती.

हॅलो, थांब. पदर काढला तोंडावरचा… विचार करून राह्यल्या… थांब ना वं.

म्हन्ते, लय छान दिसत होती. शालूत उंच वाटत होती म्हन्ते… न काय, काकू?… म्हन्ते, मुंडावळी तिरपी झालती तुही. डाव्या डोळ्यावर आलती. एवढ्या बाया बाजूले उभ्या, एकीच्यानं नीट करनं नाही झालं… हो काकू, मी पन होती, माह्यानं पन नाही झालं… म्हन्ते, जीव तुटत होता, पन भिंतीवरून ओरडता येत नव्हतं. हात लांब करून पाह्यला म्हन्ते. तिथंच बकीट हालली.

गौरे?… हॅलो?

लाइट गेली इकडं… नाही, फोनले काही नाही झालं. फाइलही हाये, तिले काही होत नाही लाइट गेल्यानं. तुह्यासाठी वेगळी सीडी करून ठेवते, तुह्याच हाती देईन… हो, देते तिले. आता घेते वाटते. आधी तिले पेढा खाले लाव, डबा इथंच हाये.

घ्या काकू. असं नाही, उलटा धरला तुम्ही. हां. बसूनच बोला, वायर पुरते तिथपर्यंत.